जगाच्या तेलाचा फळा

जगात तेल किती उरलंय हे मला रोज सकाळी सव्वासहा वाजता बोईसरजवळच्या सालवडमधल्या एका लोखंडी फाटकावर कळायचं. पहिल्या पाळीची बस साडेसहाला नाक्यावर यायची. डबा, ओळखपत्र आणि अर्धवट झोप घेऊन मी जिना उतरायचे, तेव्हा आमचे घरमालक काका फाटकाला तारेने बांधलेल्या काळ्या फळ्यावर खडूने लिहीत असायचे. फळ्यावर तीन रकाने होते. उपसा, खप, साठा. उपशाखाली "अमेरिका जोरात, गयाना पण." खपाखाली "चीन सुस्त. बॅटरीच्या गाड्या." आणि साठ्याखाली बहुतेक वेळा एकच शब्द, "फुगतोय." एवढं झालं की खडूचे हात लेंग्याला पुसून ते माझ्याकडे वळायचे आणि म्हणायचे, "जा मॅडम, आज जग चालेल."

"जग चालेल हो, पण बस गेली तर माझं काय चालणार?" असं मी आठ वर्षांत निदान पन्नास वेळा तरी म्हटलं असेल. त्यांना त्यात कधी काही गंमत वाटली नाही. ते फळ्याकडे बघत राहायचे आणि एखादी काना-मात्रा ठळक करायचे.

काका मूळचे समुद्रकाठच्या केळव्याचे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी टाक्या मापण्यात घालवली. बॉयलरला लागणारं काळं, जाड तेल मोठाल्या टाक्यांत साठवतात. दर पाळीला टाकीवर चढायचं, झाकण उघडून खूण केलेली लांब काठी आत सोडायची, ती वर काढून तेल कुठपर्यंत लागलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. एवढंच काम. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी विचारलं, काय भेट देऊ? बाकीचे लोक भिंतीवरचं घड्याळ घेत. काकांनी भंगारात निघालेली जुनी पितळी काठी मागितली. साहेबांना वाटलं, म्हातारा नम्रपणा करतोय, म्हणून त्यांनी काठी दिली आणि वर घड्याळही दिलं. घड्याळ आमच्या जिन्यात बंद पडलेलं होतं. काठी मात्र रोज चिंचेने घासून लख्ख.

अंगात कारखान्याचाच करडा शर्ट. कंपनीचं नाव उसवून काढलेलं, त्यामुळे खिशावर एक चौकोन बाकीच्या शर्टापेक्षा गडद. गळ्यात सुतळीने बांधलेला चष्मा. टाक्यांवर चढून चढून डावा खांदा खाली आलेला, त्यामुळे ते सरळ उभे असले तरी कशाच्या तरी आत डोकावतायत असं वाटायचं. आणि खरं म्हणजे ते डोकावतच असायचे.

मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्नाचं विचारलं नाही. मी मनातून फार खूश झाले. मग त्यांनी वही उघडली.

"पाण्याचा खप किती तुमचा?"

"दोन बादल्या," मी म्हटलं.

"अंघोळ धरून की सोडून?"

"धरून."

"केस आठवड्यातून किती येळा?"

आतून काकूंचा आवाज आला, "अवो, लाज हाय की नाय? पोरीला काय इचारता!"

"मी पाण्याचं इचारतो," काका म्हणाले, आणि वहीत लिहिलं, "वरची खोली. एक केमिस्ट. खप मध्यम." पुढची आठ वर्षं मी त्या वहीत एवढीच होते. मध्ये मला बढती मिळाली, केस कापले, एकदा लग्न ठरून मोडलं. वहीत फरक पडला नाही.

त्यांची बारा खोल्यांची चाळ होती. बहुतेक भाडेकरू कारखान्यांतले, काही उत्तरेकडून आलेले. पाण्याची टाकी गच्चीवर. रोज पहाटे काका काठी घेऊन वर जायचे आणि तिथूनच ओरडायचे, "साठा गुडघ्याएवढा! अंघोळी आटपा, कपडे नाय!" किंवा "साठा कमरेएवढा! कपडे चालतील!" नवीन भाडेकरूंना आधी काही कळायचं नाही. नंतर त्यांचीही सकाळ त्या आरोळीवाचून सुरू व्हायची नाही. एकदा काका तापाने झोपले होते तर बाराच्या बारा खोल्या बादल्या घेऊन खाली उभ्या होत्या. पाणी होतं. फक्त किती ते कोणी सांगितलं नव्हतं.

काठी टाकीपुरती राहिली असती तर ठीक. ते तांदळाच्या पिंपात ती घालायचे. गव्हाच्या कोठीत घालायचे. गॅसच्या सिलिंडरला काठी जात नाही म्हणून तो उचलून, थोपटून, कान लावून सांगायचे, "अकरा दिवस. पाहुणे आले तर नऊ." ते अकरा दिवस खरे निघायचे, हे कबूल केलं पाहिजे. लोणच्याच्या बरणीसाठी त्यांनी विणकामाची एक सुई वेगळी ठेवली होती. काकूंनी ती एकदा चुलीत टाकली. काका दुसरी घेऊन आले.

"जगातल्या बरण्यांत सुया घालतो ह्यो मानूस," काकू मला म्हणाल्या, "आनि घरातलं मीठ संपलं की मीच सांगायचं."

काका कधी भाव लिहायचे नाहीत. गल्लीतल्या कोणालाही हेच पहिलं विचित्र वाटायचं, कारण तेल म्हटलं की लोक पहिल्यांदा भाव विचारतात. कारखान्यांचे खरेदीवाले साहेब गाडी थांबवून विचारायचे, "काका, वर जाईल की खाली?" काका म्हणायचे, "ते मला नाय ठाव. भाव म्हंजे लोकांची भीती. भीती मापायला माझ्याकडं काठी नाय." साहेब हसायचे, फळ्याचा फोटो काढायचे आणि जायचे. फोटो त्यांच्या कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरायचे असं ऐकून होते. काकांच्या घरी मोबाइल काकूंकडे होता. काका तीन वर्तमानपत्रं वाचायचे, तीही नाक्यावरच्या न्हाव्याकडे, फुकट, आणि संध्याकाळी कोणातरी भाडेकरूच्या मोबाइलवर इंग्रजी बातम्या मोठ्याने वाचून घ्यायचे. बऱ्याचदा तो भाडेकरू मी असायचे. दिवसभर प्रयोगशाळेत उभं राहून आलेल्या बाईने संध्याकाळी तेल निर्यातदार देशांची बैठक मराठीत सांगायची, हा माझ्या भाड्यातला न लिहिलेला भाग होता.

पण त्यांचं ऐकता ऐकता मला त्यात गोडी लागली, हेही खरं. ते सांगायचे, उपसा कोण किती करतं हे देश स्वतः सांगतात, आणि आपला आकडा सांगताना माणूस आधी आपली मिशी बघतो. खप तर कोणी मोजतच नाही, अंदाज करतात. राहिला साठा. तो टाकीत असतो. टाकीला तोंड असतं, पण ती बोलत नाही, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवायचा.

"पण मॅडम," असं म्हणून ते खुर्ची पुढे ओढायचे, आणि मी समजायचे की आता जेवायला उशीर होणार, "उपशातनं खप वजा केला तर साठा इतका वाढायला पायजे. बराबर? पण मोजायला गेलं तर तितका नाय सापडत. बाकी तेल गेलं कुठं?"

हे त्यांनी स्वतःच्या डोक्याने काढलं होतं की पेपरात वाचलं होतं, कोण जाणे. पण पुढे मी शोधलं तेव्हा कळलं की जगातले मोठमोठे जाणकारसुद्धा याच गाठीशी डोकं खाजवत बसतात. कागदावर तेल उरतं, टाक्यांत सापडत नाही. कोणी म्हणतं ते समुद्रात जहाजांवर तरंगतंय, कोणी म्हणतं चीनने न सांगता भरून ठेवलंय. काकांचं मत वेगळं होतं.

"कोनाच्या तरी घरात हाय," ते म्हणायचे. "लोक सांगत नाय."

कोविडच्या टाळेबंदीत अमेरिकेत तेलाचा भाव शून्याच्या खाली गेला, तो काकांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस. कारखाने बंद, गाड्या बंद, विमानं बंद, तेल मात्र जमिनीतून येतच होतं, आणि ठेवायला टाकी उरली नव्हती. लोक उलट पैसे देऊन तेल दुसऱ्याच्या गळ्यात मारत होते. काका अंगणात येरझाऱ्या घालत होते. "टाक्या भरल्या! मी काय बोलत होतो? साठा!" फळ्यावर त्या दिवशी साठ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "जागा नाही", आणि खाली दोन रेघा मारल्या. भाव लिहिला नाही, पण तोंडाने बारा खोल्यांना समजावला.

तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत रामसूरत राहायचा. रिक्षा चालवायचा, म्हणजे त्या दिवसांत ती नुसती धुवायचा. त्याने सगळं नीट ऐकलं, दोन शंका विचारल्या आणि तोंडाला गमछा बांधून, हातात रिकामा कॅन घेऊन तो पायी पायी पंपावर गेला. पंपावरच्या माणसाला म्हणाला, "दाम माइनस में है। तेल भी दो, और ऊपर से कितना दोगे?" तिथे पोलीस उभे होते. रामसूरत परत आला तो दोन्ही मांड्या चोळत. पन्नास उठाबशा.

"चाचा, आपके बोर्ड के चक्कर में," तो म्हणाला.

"बोर्डवर मी भाव लिवला का?" काका म्हणाले. "दाखव."

रामसूरत फळ्यापाशी गेला, वाचलं, आणि परत येऊन मान डोलावली. त्यानंतर त्याचा फळ्यावरचा विश्वास उलट वाढला. मला हे कोडं कधी उलगडलं नाही.

काकांचा कामाचा एक नियम होता. टँकर रिकामा झाल्या झाल्या टाकीला काठी लावायची नाही. आत तेल हेलकावत असतं, खूण खोटी पडते. अर्धा तास थांबायचं, तेल निवलं की मग मापायचं. हा नियम त्यांनी संसारालाही लावला होता. काकू चिडल्या की काका उठून अंगणात बसायचे, जिन्यातल्या बंद घड्याळाऐवजी माझ्या मनगटावरचं घड्याळ विचारायचे आणि अर्ध्या तासाने आत जायचे. काकू म्हणायच्या, "तवर माझा राग शिळा होतो. भांडायला मजा नाय."

काकू ठेंगण्या, कामाला वाघ, आणि बोलायला त्याहून. केळव्याला त्यांच्या भावाची वाडी होती. सुपारी, केळी आणि पानवेली. दर महिन्याला भाऊ टेम्पोतून नारळ, केळी पाठवायचा, आणि मला त्यातला वाटा न मागता मिळायचा. काकूंबद्दल एकच गोष्ट मला पहिली दोन वर्षं कळली नव्हती. त्या फाटकातून येता जाता मान वळवून जायच्या. फळा वाचायच्या नाहीत. एकदा सुद्धा नाही.

कारण त्यांनीच मला सांगितलं, भाजी निवडता निवडता. मी यायच्या आधीच्या वर्षीची गोष्ट. मे महिना होता. केळव्यात ट्रान्सफॉर्मर जळाला. वाडीला पाणी द्यायचं तर डिझेलचं इंजिन चालवायचं. भावाने विचारलं, भावोजी, चार कॅन डिझेल आणून ठेवू का? टँकरवाले संपावर जातील असं लोक बोलतायत. काकांनी ऐटीत सांगितलं, "घाई नको करू. जगात साठा भरपूर हाय. तेल काय पळून जातं?" भाऊ थांबला. दोन दिवसांनी संप झाला, पंप कोरडे पडले, आणि भर उन्हात आठ दिवस वाडीला थेंब मिळाला नाही. सुपाऱ्या तगल्या. पानवेली मात्र उभ्या वाळल्या, काकूंच्या बापाच्या हातच्या.

"तेल होतं ओ जगात," काकू म्हणाल्या. "केळव्यात नव्हतं."

भावाने कधी शब्द काढला नाही. काकांनीही काढला नाही. केळव्याचा विषय निघाला की ते उठून पिंपातल्या तांदळाला काठी लावायचे. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, तो अजून आहे. दोन शब्द बोलायला काय जात होतं?

मग एकदा आखातात लढाई पेटली. तेलाची जहाजं जातात ती चिंचोळी सामुद्रधुनी आता बंद होणार, असं टीव्हीवाले घसा फोडून सांगायला लागले. सकाळी बातमी आली आणि दुपारपर्यंत बोईसरच्या पंपांवर रांगा. पंपावर बाटलीत पेट्रोल देत नाहीत. म्हणून आमच्या चाळीने युक्ती काढली. बाइकची टाकी पुरी भरायची, घरी आणायची, रबरी नळीने पाण्याच्या बाटल्यांत काढायची आणि परत रांगेत उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर जिन्यात उभं राहवेना, इतका पेट्रोलचा वास. एका खोलीत बाई स्टोव्हवर पोळ्या करत होती आणि हातभर अंतरावर, कॉटखाली, सहा बाटल्या. आमच्या वसाहतीत एखाद्या कारखान्याचा स्फोट झाला की सालवडच्या खिडक्या थरथरतात. त्या आवाजाला सगळे घाबरतात. पण घरातल्या बाटलीला कोणी घाबरत नाही, कारण ती आपली असते.

काकांनी फळा पुसून मोठ्या अक्षरात लिहिलं, "जगात साठा भरपूर. घरात पेट्रोल ठेवू नका."

कोणी ऐकलं नाही. इतकी वर्षं ज्यांनी काकांची आरोळी ऐकून अंघोळ केली, ते फळ्यासमोरून रिकामी बाइक काढून भरलेली आणत होते. रामसूरत हात जोडून म्हणाला, "चाचा, आपका बोर्ड दुनिया का है। हमको कल सवारी ढोना है।"

काकांचा चेहरा उतरला. मग त्यांनी वही घेतली, काठी घेतली आणि एकेक दार ठोठावायला सुरुवात केली. "साठा सांगा. खरा." मी प्रत्येक खोलीबाहेर त्यांच्या मागे उभी होते, कारण हिंदीत ते फार लवकर चिडायचे. पहिल्या खोलीने सांगितलं, शून्य. दुसरीने सांगितलं, कुछ नहीं चाचा. पोळ्यावाल्या बाईने पदराने कॉटखालचं झाकलं आणि देवाची शपथ घेतली. अकरा खोल्या, अकरा शून्यं. मग आम्ही वर आलो आणि ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बारावी?"

आता खरं सांगते. माझ्या कॉटमागे, सुटकेसच्या आड, वीस लिटर डिझेलचा एक कॅन होता. काकूंनी सहा महिन्यांपूर्वी ठेवायला दिला होता. "भावाच्या वाडीचं हाय, बाय. त्याच्याकडं ठेवलं तर महिन्यात जाळून मोकळा होतो. कदी लागलं तर इथनं देता येईल. काकांना बोलू नको." मी प्रयोगशाळेत काम करणारी बाई. पदार्थ किती तापमानाला पेट घेतो हे मोजून लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. मी स्वतःला समजावलं होतं की डिझेल पेट्रोलसारखं पटकन पेटत नाही, जे खरं आहे, आणि म्हणून चालेल, जे मी माझ्या हाताखालच्या कोणालाही कधी चालू दिलं नसतं.

"शून्य," मी म्हटलं.

काकांनी बारावं शून्य लिहिलं. मग वही मिटून ते जिन्यात थांबले आणि नाकाने लांब श्वास घेतला. "बारा शून्य," ते म्हणाले. "आनि वास येवढा!" एवढ्या भीतीतही त्यांच्या आवाजात कुठेतरी थोडी खुशी होती. आयुष्यभर जे न सापडणारं तेल ते जगात शोधत होते ते त्यांना स्वतःच्या जिन्यात हुंगायला मिळालं होतं.

अंगणात उतरून त्यांनी सगळ्यांना बोलावलं. "खोटं बोलता तुमी," ते ओरडले. "पोरंबाळं हायत इथं. एक काडी पडली तर बारा खोल्या जातील. ह्या घरात कोनी असा साठा करायचा नाय!"

रामसूरत बिचारा वाईट माणूस नव्हता. पण पोलिसांसमोर उठाबशा काढतानाही तो खरंच बोलला असणार. तो म्हणाला, "और चाची के पाँच डब्बे, चाचा? वो तो मैं ही लाया रिक्शे में।"

काकू दारात उभ्या होत्या. काका त्यांच्याकडे बघत आत गेले, आणि मी मागोमाग. स्वयंपाकघर ओलांडून मागच्या खोलीत, गोधड्यांच्या चळतीमागे, पाच कॅन भिंतीला लावून उभे होते. घरातल्या एकूण एक भांड्याला काठी लागली होती. गोधड्यांना काठी लागत नाही, म्हणून काका तिकडे कधी गेलेच नव्हते.

सवयीने त्यांनी एकेका कॅनचं झाकण उघडलं, काठी आत सोडली, वर काढली. पाचही भरलेले.

"तू?" ते म्हणाले.

"मी," काकू म्हणाल्या. "दोन वर्सांपासनं ठेवते. एक नेला की दुसरा आनते."

"मी रोज लिवतो ना फळ्यावर. साठा भरपूर हाय."

"तुमच्या फळ्यावर माझा इस्वास नाय," काकू म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "त्या मे महिन्यापासनं नाय."

काका अंगणात जाऊन पायरीवर बसले. मला वेळ विचारली. सगळी चाळ उभी होती, कोणी खोलीत गेलं नाही. मी घड्याळ बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की अर्धा तास झाल्यावर हा माणूस आत जाणार नाही, परत पिंपाकडे वळेल, आणि सगळं होतं तसंच राहील. आणि तसं झालं असतं तर मी ती खोली सोडली असती, हेही मला तेव्हा ठाऊक होतं.

अर्धा तास झाला. ते उठले, फाटकाशी गेले आणि फळा पुसला. तिन्ही रकान्यांच्या रेघा आणि नावंही पुसली, जी ते कधी पुसत नसत. मग सगळ्यांना दिसेल अशा अक्षरात लिहिलं.

"माझ्या घरातला साठा. डिझेल, पाच कॅन. मला ठाऊक नव्हतं."

मग फळ्याच्या अगदी तळाशी आणखी एक ओळ लिहिली.

"केळव्याला मी थांब म्हणालो ते चुकलं."

आधी रामसूरत हलला. आपल्या खोलीत जाऊन चार बाटल्या घेऊन आला आणि भिंतीशी ओळीने ठेवल्या. मग पोळ्यावाली बाई आली, पदराखाली सहा. मग एकेक करत सगळे. बाटल्या इतक्या झाल्या की बायकांनी पोरांना अंगणाबाहेर नेऊन बसवलं. बाइकवाले नळ्या आणि नरसाळी घेऊन आले, आणि जिथून काढलं होतं तिथे परत भरायला लागले. काका काठी घेऊन मध्ये उभे राहून कोणाची टाकी कुठवर आली ते सांगत होते.

काकू दारातून खाली आल्या. सरळ फळ्यापाशी गेल्या. त्यांना लांबचं दिसायचं, जवळचं दिसत नसे. त्यांनी काकांच्या नाकावरचा चष्मा काढून स्वतःच्या नाकावर ठेवला. सुतळी काकांच्या गळ्यातच होती, त्यामुळे काकांना वाकून त्यांच्या गालापाशी यावं लागलं. तसेच दोघं उभे राहिले आणि काकूंनी फळा वाचला. ओठ हलवत, एकेक शब्द, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग काकांच्या हातातला खडू घेतला, "पाच" अंगठ्याने पुसलं आणि काहीतरी लिहिलं.

"काय लिवलंस?" काका म्हणाले. चष्मा नसल्यामुळे त्यांना काही दिसत नव्हतं.

"सा," काकू म्हणाल्या. "मोजायचं तर बराबर मोजा."

"सावा कुठं हाय?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग अख्ख्या चाळीने माझ्याकडे बघितलं. मी जिना चढले, सुटकेस बाजूला केली आणि वीस लिटर डिझेल दोन्ही हातांनी धरून, दर पायरीला थांबत खाली आणलं. काकांनी झाकण उघडून काठी सोडली, वर काढली, आणि वही उघडून माझं शून्य खोडलं. चार शब्द ऐकून घ्यायची माझी पुरी तयारी होती, पण त्यांनी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी केळव्याहून टेम्पो येणार होता, सहाही कॅन वाडीवर जाणार होते. काका फळा पुसायला गेले तर काकूंनी मनगट धरलं.

"वरचं पुसा," त्या म्हणाल्या. "खालचं ऱ्हाऊ द्या."

सकाळी सव्वासहाला मी खाली उतरले तेव्हा काका वाकून, जीभ दातांत धरून लिहीत होते. अमेरिका, चीन आणि गयाना त्यांनी वरच्या अर्ध्या फळ्यात बारीक अक्षरात बसवले होते, आणि शेजारी काकू चष्मा घालून उभ्या होत्या.